आकड्यामागचे परिमाण

बाजारातून आलेल्या माणसाने नुसते ‘आठ’ असे सांगितले, तर आपण लगेच विचारतो, आठ काय? आठ पायली, आठ शेर की आठ रुपये? आकडा खरा असला, तरी परिमाण कळेपर्यंत तो मुकाच. संगणकाच्या स्मृतीत तर सगळेच आकडे असे मुके असतात. त्यांना बोलते करण्यासाठी लिहिण्याची रीत कशी ठरवतात, ते आज पाहू.

संगणकातील सर्व कामांवर देखरेख करणारी जी यंत्रणा असते, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला लिनक्स हा असाच एक कर्नल. आपल्याजवळ अँड्रॉइडचा फोन असेल, तर त्याच्या पोटातही तोच राबत असतो. त्यात काही बिघडले, तर तपासासाठी त्याला थांबवता येत नाही. तो थांबला की सारेच थांबले. म्हणून चालत्या कर्नलमध्येच हव्या त्या जागी एक तपासखूण बसवतात. तिला प्रोब म्हणतात. लिनक्समध्ये ही सोय २००४ साली आली. काम त्या जागी पोचले की क्षणभर वळते, प्रोब हवी ती नोंद करून घेतो, आणि काम पुढे चालू लागते. पोते न फोडता टोचणीने मूठभर दाणे काढून पाहावेत, तसेच हे.

पण या दाण्यांची जात ओळखायची कशी? प्रोबच्या हाती लागते ती फक्त शून्य आणि एक यांची रांग. समजा, ६५, ६६, ६७ आणि ० हे चार आकडे ओळीने ठेवलेले आहेत. अक्षरे म्हणून वाचले तर इंग्रजीतील ए, बी, सी ही अक्षरे निघतात. तेच चार आकडे एक सलग संख्या म्हणून वाचले, तर आपल्या नेहमीच्या संगणकांवर ४४,०७,८७३ ही संख्या निघते. स्मृतीतला एक ठिपकाही बदललेला नाही. बदलली ती आपली वाचण्याची रीत.

यात धोका कोठे आहे, तोही पाहा. फाइल उघडायला सांगितली आणि ती मिळालीच नाही, तर लिनक्सचा कर्नल उणे २ असे उत्तर देतो. उघडली, तर शून्य किंवा त्याहून मोठी संख्या देतो. आता हे उत्तर ३२ खणांची, उणे चिन्ह नसलेली संख्या म्हणून वाचले, तर दिसते ४,२९,४९,६७,२९४! कसलीही चूक दाखवली जात नाही, घंटा वाजत नाही. अपयश यशाचा अंगरखा घालून समोर उभे राहते, आणि तपास करणारा भलत्याच वाटेला लागतो. उत्तर मिळालेच नाही, तर माणूस पुन्हा विचारतो. खोटे उत्तर ठामपणे मिळाले, तर तो विचारायचाच थांबतो.

म्हणून विचारणाऱ्यानेच प्रकार सांगायचा, असा नियम आहे. लिनक्समध्ये प्रोबची मागणी एका ओळीत लिहितात: आधी मूल्य कोठून घ्यायचे ते, मग विसर्गासारखी दोन टिंबे, आणि शेवटी प्रकार. ‘एस ३२’ म्हणजे ३२ खणांची, उणे होऊ शकणारी संख्या. ‘यू ३२’ म्हणजे उणे न होणारी. ‘स्ट्रिंग’ म्हणजे अक्षरे. आठ हा आकडा आधी आणि पायली नंतर, हीच आपलीही बोलण्याची रीत नाही का? शिवाय ही ओळ खुद्द कर्नललाच वाचावी लागते, म्हणून तिचे व्याकरण जितके आटोपशीर तितके बरे.

मात्र एवढ्याने भागत नाही. कर्नलमध्ये पुष्कळदा मूल्याऐवजी पत्ता मिळतो, आणि त्या पत्त्यावर अनेक खोल्यांचे घर असते. ‘सोळा घरे पुढे जा’ असे मोजून सांगावे, तर कर्नलच्या पुढच्या आवृत्तीत खोल्यांची मांडणी बदललेली असू शकते. मग भलतीच खोली उघडते, तीही मुकाट्याने. यावर उपाय म्हणून घरांचा नकाशाच कर्नलसोबत ठेवू लागले, आणि २०२३ साली प्रोबच्या ओळीतही नकाशाच्या आधारे खोलीचे नाव घेता येऊ लागले. तरीही काही पत्त्यांवर घराची पाटीच नसते. तेथे ‘हे अमुक प्रकारचे घर समज’ असे माणसालाच सांगावे लागते.

हे सांगायचे कसे? सी भाषेत प्रकार कंसात, आधी लिहितात. पण तिच्या नियमाने कंसातला प्रकार आधी पत्त्याला लागत नाही. खोली उघडून झाल्यावर आतल्या वस्तूला लागतो. पत्त्यालाच लावायचा, तर बाहेरून आणखी एक कंस घालावा लागतो. तो विसरला की अर्थ फिरला. म्हणून नवी रीत ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत: पुढे कोणत्या घरात शिरायचे ते, आणि हाती आलेले मूल्य कसे वाचायचे ते. पहिली वाटेत सांगायची, दुसरी शेवटी.

शिक्षकबंधुभगिनींनो, उत्तरापुढे एकक न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण आपण कापतो, तेव्हा तो कुरकुरतो. त्याला हे चार अब्जांचे उणे दोन जरूर दाखवा. एकक ही उत्तराची शोभा नव्हे, उत्तराचाच भाग आहे, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.