भीमा-नीरेच्या काठचे घोडे

२०२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, झांस्करी, स्पिती, भूतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही देशातली आठवी जात. ही नोंद व्हावी म्हणून बारामतीतल्या अश्वप्रेमींनी बराच पाठपुरावा केला होता. आदल्याच वर्षी ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झाले आणि त्यातली भीमथडीची तट्टे शाळाशाळांतून गाजू लागली. तरीही ज्याचे गुणगान चालले होते, तो घोडा तोवर सरकारदरबारी बिननावाचाच होता. स्वारांच्या या मुलखात तो इतकी वर्षे तगला कसा आणि कुणाच्या जिवावर, हे पाहायला थोडे मागे जावे लागते.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके भीमा आणि नीरा यांच्या दुआबात येतात. सह्याद्री सगळा पाऊस अडवून धरतो आणि इथे पोचतात ते उरलेसुरले ढग. खडकाळ माळ, आखूड पण कसदार गवत, दूरवरचे पाणी. अशा जमिनीवर वाढलेला घोडा अंगाने आटोपशीर, खुराने टणक आणि थोडक्या चाऱ्यावर भागवणारा निघाला. त्यात अरबी आणि तुर्की घोड्यांचे रक्त मिसळले, असे मानले जाते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत हा घोडा मध्यम उंचीचा, गडद तांबूस अंगाचा आणि काळ्या पायांचा दिसतो.

शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची गढी आजही गावात दाखवतात. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूरही आले. हे सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातलेच. तिथले अधिकारी संभाजी मोहिते यांच्याकडून शिवाजी महाराजांनी सुप्याचा ताबा घेतला, तेव्हा तिथल्या पागेत तीनशे घोडी होती, अशी नोंद सभासद बखरीत आहे. नव्याने उभ्या राहणाऱ्या राज्याला एका खेपेत तीनशे घोडी मिळणे म्हणजे केवढी मोठी गोष्ट!

त्याच बखरीत पागेची व्यवस्थाही सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल या दोन गोष्टींची तजवीज आधी, लढाई नंतर. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची रोजीरोटीच पडायची. म्हणून शिलेदार ऐन गर्दीत घोडा घालायला कचरतात, अशी तक्रार त्या काळी होई. तक्रार खरीच असणार, पण तिची दुसरी बाजूही आहे. ज्याच्यावर घर चालते, त्याला माणूस आपल्या ताटातले काढून चारतो.

घोडा शिकवणाऱ्याला तेव्हा चाबुकस्वार म्हणत. नावात चाबूक असला तरी कामाचा मोठा भाग जमिनीवरूनच चाले. आजही पद्धत फारशी बदललेली नाही. शिंगराला आधी हाताची सवय लावायची. रोज खरारा करायचा, कान-मान चोळायची, एकेक पाय उचलून खूर साफ करायचा. मग लांब दोरीला धरून गोल फिरवायचे. आधी साधी चाल, मग दुडकी, मग दौड. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. पाठीवर आधी नुसती झूल, नंतर खोगीर आणि माणूस सगळ्यात शेवटी. या गोल फिरण्यातच घोडा आवाज ओळखायला, वळायला आणि थांबायला शिकतो. आपल्या घोड्यांचे एवढ्याशा जागेत गर्रकन फिरणे गाजले, त्याची तयारी या फेऱ्यांतच होत असे.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि हजारो घोड्यांचे काम एकदम संपले. थोडे स्वार इंग्रजांच्या पूना हॉर्स या घोडदळात गेले, बाकीचे नांगराला लागले. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे देशोधडीला लागली, तिथे घोड्याला चारा कोण घालणार? दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा आला, माळाचे मळे झाले, पुढे वालचंदनगर आणि भवानीनगरच्या कारखान्यांभोवती ऊस पसरला. चराऊ रान आकसत गेले. गावोगाव एसटी पोचल्यावर पाटील, वैद्य, तलाठी यांच्या दारची घोडीही हळूहळू दिसेनाशी झाली. १९८० च्या सुमारास उजनी धरण भरले आणि इंदापूर तालुक्यातला भीमेचा काठ मैलोगणती पाण्याखाली गेला. जिच्या नावाने घोडा ओळखला जायचा, त्या थडीचा मोठा भाग आता फुगवट्याखाली आहे.

तरी जात बुडाली नाही. तिला तारले धनगरांनी.

दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे, म्हणजे फिरते तळ, मेंढरे घेऊन मावळतीकडे निघतात, घाट उतरून कोकणापर्यंत जातात आणि पाऊस तोंडावर आला की माघारी फिरतात. वाटेत शेतात मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे. पुरुष मेंढरांमागे. बिऱ्हाड हलवायचे ते बायांनी, आणि बिऱ्हाड म्हणजे घोडी. पहाटे घोडीच्या पाठीवर आधी घोंगड्यांच्या घड्या पडतात, त्यावर दोन्ही अंगांना वजन सारखे बघून भांडी, धान्याची पोती, मेंढरे कोंडायची वाघर. सगळ्यांत वर कालपरवा जन्मलेले कोकरू, एखादी कोंबडी, कधी दमलेले लेकरू. एका बाजूला दोन शेर जड झाले तर ओझे घसरते आणि पाठ सोलते. बाई हाताने अंदाज घेते आणि एक भांडे इकडचे तिकडे करते. मग घोडी कुणी न धरताच चालू लागते आणि शिंगरू तिच्या बगलेला लागून धावते.

या बायांनी घोडेस्वारीचे धडे कधी घेतले नाहीत, बहुतेकींनी कधी स्वारीही केली नाही. पण घोड्याला आपल्या शेपटीमागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे, हे त्यांच्या पोरींनाही ठाऊक असते. कान मागे पडले की घोडी चिडली, एक कान आपल्याकडे वळला की ती ऐकते आहे, हेही.

घोड्याला जपणारे दुसरे लोकही पायीच चालणारे, वारकरी. १६८५ मध्ये नारायण महाराजांनी सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा बारामतीवरून इंदापूर तालुक्यात येतो. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, सणसरचा मुक्काम हलला की बेलवाडीला पहिले गोल रिंगण, पुढे इंदापुरात दुसरे. पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी धावून झाले की हजारोंची गर्दी श्वास रोखून उभी राहते. मग अश्व सुटतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसरा देवाचा अश्व. त्याच्यावर तुकोबाच बसलेले, म्हणून त्यावर माणूस बसत नाही.

भाविकाला त्यात भक्ती दिसते आणि घोड्याच्या जाणकाराला त्याच वेळी शिकवणीही दिसते. चहूबाजूंनी माणसांची भिंत, टाळ-मृदंगाचा गजर, डोक्यावर पताका. भडकायला एवढे पुरे. त्यातून पाठीवर स्वार नसलेले जनावर पुढच्या घोड्यामागे नेमके गोल धावते, फेऱ्या पुऱ्या करते आणि थांबते. धावलेल्या वाटेवरची माती लोक कपाळाला लावतात. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पादुका बसने पंढरीला गेल्या आणि बेलवाडीचे मैदान मोकळेच राहिले. २०२२ मध्ये अश्व पुन्हा धावले.

आज या भागात घोडा परतला आहे, तो बराचसा हौस म्हणून. उसाचा पैसा आला, नीरेपलीकडे अकलूजला घोडेबाजार भरू लागला. तिथे अंगावरचे केसांचे भोवरे तपासून, चाल पाहून सौदे होतात. मान उंच मारवाडीला आणि पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला असते. नाचवायला शिकवलेल्या घोड्याला वरातीत मागणी. मुलांना स्वारी शिकवण्याची हौसही वाढते आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले, अश्वारोहणातले ४१ वर्षांनंतरचे पहिले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. स्वाराने मांडीचा नुसता दाब बदलावा आणि घोड्याने पाऊल बदलावे, असा तो खेळ.

चांगला शिक्षक नव्या पोराला लगेच पाठीवर चढवत नाही. आधी लीद काढायला, खरारा करायला, घोडा हाताने चालवायला लावतो. तंग आवळताना घोडा पोट फुगवून ठेवतो. म्हणून त्याला चार पावले चालवून तंग पुन्हा आवळावा लागतो, नाहीतर खोगीर फिरते आणि स्वार खाली. मांड पक्की होईपर्यंत लगाम ढिला ठेवायचा, तोल सावरायला त्याला लोंबकळायचे नाही. घोड्याच्या तोंडातल्या लोखंडाला आपले सगळे वजन टांगणाऱ्यावर कोणते जनावर भरवसा ठेवेल? स्वारीतला निम्मा अभ्यास पायउतार असतानाच होतो. धनगरणीला आणि रिंगणाचे अश्व घडवणाऱ्याला तो पिढ्यान्‌पिढ्या येतो.

नोंद झाली हे चांगलेच, पण कागद घोडा पाळत नाही. धनगरांची पोरे शाळेत जातात, बिऱ्हाडे टेम्पोतून हलू लागली आहेत, घोड्या कमी होत आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ओझ्याला पर्याय मिळाला की ओझ्याचे जनावर सुटणारच. भीमथडीला नवे काम द्यावे लागेल आणि ते समोरच आहे. आटोपशीर उंची, शांत स्वभाव, थोडका खर्च. शिकाऊ पोरासाठी याहून सोयीचा घोडा कुठला? बारामती-इंदापुरात स्वारीचे वर्ग काढणाऱ्यांनी मारवाडीच्या डौलाइतकाच या तट्टाचाही विचार करावा. आणि पहिल्या महिन्यापुरता गुरू म्हणून एखाद्या वाड्यावरच्या धनगरणीला मानधन देऊन बोलवावे. घोड्यावर कसे बसायचे ते नंतर कुणीही शिकवील.