तीन समीकरणं, पण खरी किती?

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या पिशव्या मोजत होते, तेवढ्यात मंडळातल्याच एका घरची मुलगी जवळ येऊन उभी राहिली. कॉलेजचं पहिलं वर्ष. "मावशी, लिनिअर अल्जिब्रा सोडतेय. सोमवारपर्यंत नाव काढता येतं. आईबाबांना अजून सांगितलं नाही."

परीक्षेत तीन व्हेक्टर देऊन ते 'इंडिपेंडंट' आहेत का, असं विचारलं होतं. हिने दोन-दोनच्या जोड्या लावून पाहिल्या. कोणताच दुसऱ्याच्या पटीत नव्हता, म्हणून 'आहेत' असं लिहिलं. गुण शून्य. व्याख्या मात्र तोंडपाठ!

मी तिला काय बोलणार? पीएच.डी.च्या वेळी मीही इथेच आपटले होते. मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन बनवतात, त्याचं गणित होतं. तीन अभिक्रिया, तीन अज्ञात संख्या, आणि कॉम्प्युटर काही केल्या उत्तर देईना. दोन आठवडे मी प्रोग्रामात चूक शोधत बसले.

पेपर नॅपकिनवर तिला पाच रकाने आखून दिले : मिथेन, पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन. जे खर्च होतं ते उणे, जे तयार होतं ते अधिक.

पहिली : −१, −१, १, ०, ३
दुसरी : ०, −१, −१, १, १
तिसरी : −१, −२, ०, १, ४

कोणत्याही दोन घ्या, एक दुसरीच्या पटीत नाही. प्रत्येकीचं शून्यसुद्धा वेगळ्या रकान्यात आहे. पण पहिल्या दोन्हींची बेरीज करा. तिसरी हजर! म्हणजे पहिली अधिक दुसरी उणे तिसरी, बरोबर शून्य. व्याख्येतलं ते शून्य हेच. सगळे गुणक शून्य न ठेवताही शून्य आणता आलं, तर तो संच स्वतंत्र नाही. जोड्या तपासून हे कळत नाही, सगळ्यांना एकत्र बसवावं लागतं.

"मग तिसरी खोटी?" तिने विचारलं. प्रश्न चांगला होता. खोटी नाही, आणि दोष तिचा एकटीचाही नाही. तिघींपैकी कोणतीही एक काढा, उरलेल्या दोघींतून ती परत मिळते. (अभिक्रियेचा वेग काढायचा असेल तर तिन्ही वाटा विचारात घेतात, पण तो हिशोब निराळा.) समतोलाच्या गणितात दोनच पुरतात. पदार्थ पाच, मूलद्रव्यं तीन : कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. इथे पाचातून तीन गेले, उरले दोन. माझ्या कॉम्प्युटरला हे माझ्याआधी कळलं होतं!

याचा फायदाही आहे. पहिली अभिक्रिया मोलमागे सुमारे २०६ किलोज्यूल उष्णता घेते, दुसरी ४१ सोडते. तिसरी न मोजताच सांगता येते : १६५ घेणार. जर्मेन हेस या रसायनशास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गमध्ये हा नियम १८४० साली मांडला.

तिने नॅपकिन उलटा केला आणि परीक्षेतले व्हेक्टर आठवून लिहिले. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केला की तिसरा येतो."

सोमवारी तिने नाव काढलं नाही, असं तिच्या आईकडून कळलं. नाव काढायचं होतं, हे आईला तेव्हाच कळलं म्हणे. पिशव्या मात्र मला पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.