लेन्स दणकट, खिसा हलका!

हातात घेतली की खेळण्यासारखी वाटणारी एक लेन्स आणि हातात घेतली की 'वा, काय माल आहे!' म्हणायला लावणारी दुसरी. दुकानदार दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवतो आणि आपली विकेट पडते. पहिली एका वीकेंड ट्रिपच्या बजेटमध्ये बसणारी... दुसरीला थेट ईएमआय. पण बॉस, या मजबुतीचे पैसे फोटोत दिसतात का?

याचं उत्तर कॅननने स्वतःच देऊन ठेवलंय. १९८७ मध्ये त्यांची ईएफ ५०एमएम एफ/१.८ आली. धातूचा माउंट, अंतर दाखवणारी छोटी खिडकी, वजन १९० ग्रॅम. १९९० मध्ये तिचा दुसरा अवतार आला. माउंट प्लास्टिकचा, खिडकी गायब, वजन १३० ग्रॅम. आतली काचांची रचना मात्र तीच! म्हणजे फोटोही तेच. पडली तर दोन तुकडे व्हायची तिची ख्याती होती, तरी ही 'प्लास्टिक फँटास्टिक' तब्बल २५ वर्षं चालली.

खरी गंमत पुढे आहे. २०१५ मध्ये तिच्या जागी एसटीएम आली, धातूचा माउंट परत आला आणि लेन्स तरीही स्वस्तच राहिली! तेव्हा 'मेटल आहे ना साहेब, म्हणून महाग' हे कुणी ऐकवलं, तर ऐकून सोडून द्यायचं. माझ्याकडे हीच एसटीएम आहे. तिच्यात अ‍ॅपर्चरच्या पात्या ५ ऐवजी ७ आहेत, आणि बांधणीतला हा एक बदल फोटोत खरंच दिसतो. अ‍ॅपर्चर थोडं बंद केलं की जुन्या लेन्समध्ये दिवाळीच्या माळांचे धूसर दिवे पंचकोनी यायचे, आता बऱ्यापैकी गोल येतात.

मग महागडीत आपण पैसे कशाचे मोजतो? आरएफ ५०एमएम एफ/१.२ एल घ्या. २०१८ ची लेन्स, किंमत दोन लाखांच्या घरात, वजन ९५० ग्रॅम. (लोकलच्या गर्दीत हे गळ्यात अडकवून बघा!) एफ/१.८ पेक्षा सव्वादोन पट प्रकाश, उत्तम काचा, आणि सोबत धूळ-पाणी अडवणारं सीलिंग. यातलं सीलिंग म्हणजे खरी 'बांधणी'.

हिंजवडीत आयटीत असलेला माझा एक मित्र शनिवार-रविवारी लग्नाचे फोटो काढतो. दोन लाखांवर त्याचा डोळा आहे. 'अगं, हळदीत पाणी उडतं, सीलिंग पाहिजेच,' हा त्याचा युक्तिवाद. पण त्याचा कॅमेरा आहे आर५०, ज्याला मुळात सीलिंगच नाही. लेन्सने पाणी अडवलं तरी ते बॉडीतून आत जाणारच ना! त्यापेक्षा त्याच पैशात दुसरी बॉडी घे, वर पैसे उरतील, असं मी त्याला सांगितलं. ऐन मंगलाष्टकांत कॅमेरा बंद पडला तर जाड लेन्स काय कामाची? तो अजून ऐकायला तयार नाही, हा भाग वेगळा.

विसर्जन मिरवणुकीत गुलालात दिवसभर उभा राहणारा प्रेस फोटोग्राफर मात्र वेगळा. पुढे-मागे सरकणारी झूम लेन्स हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलालही. सीलबंद बॉडी आणि रोज असं काम असेल, तर मजबूत लेन्सचा एकेक रुपया वसूल होतो. तरी ती वॉटरप्रूफ नसते. कॅननच्या काही एल लेन्सेसना तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय सीलिंग पूर्णच होत नाही.

आणि मुंबई-कोकणातल्या लेन्सचा खरा शत्रू आहे बुरशी. दमट कपाटात ती दोन लाखांच्या काचेलाही लागते. त्यावर उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, खर्च काहीशे रुपये. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन तृप्त झाले असं समजायचं आणि बदलायचे. पावसाळ्यात दर आठवड्याला झाकणावरून एक नजर टाकली तरी पुरे.