ताप उतरला, पण...

एप्रिल २०२१. नाशकात करोनाची दुसरी लाट शिगेला पोचलेली. काका बरे होऊन घरी आले आणि आम्ही निर्धास्त झालो. आठवड्याने जिना चढताना ते मधेच बसले. दम लागला होता. ‘अशक्तपणा असेल,’ असे मीच म्हणालो. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे.

श्वासाच्या रोगात रक्ताची गुठळी कशी? कारण असे, की शरीर विषाणूशी झुंजते तेव्हा उठणाऱ्या दाहाने रक्तवाहिन्यांचे आतले गुळगुळीत अस्तर दुखावते. शिवाय हा विषाणू एसीई-२ या ज्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते हृदयातही असते. दुखावलेल्या अस्तरावर रक्त साकळते. गुठळी हृदयाच्या धमनीत अडकली तर झटका, मेंदूत अडकली तर पक्षाघात. क्वचित हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. हा धोका ताप उतरल्यावरही काही काळ टिकतो.

गुठळ्या रोखणाऱ्या औषधांनी काका सावरले. पण वाया घालवलेली ती दुपार मला अजून टोचते. मित्रहो, दुखण्यातून उठलेला माणूस ‘दम लागतो, छातीत दुखते’ म्हणाला, तर माझ्यासारखे उत्तर देऊ नका. त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्या.