तण मारणारं 'टू-फोर-डी' बाटलीत पेशी वाढवतं, मग रंग का पळतो?

निलंग्याच्या शिवारात उसातलं रुंद पानांचं तण मारायला 'टू-फोर-डी' फवारतात. तेच टिश्यू कल्चरच्या बाटलीत अगदी थेंबभर टाकलं, की पेशी भराभर वाढतात.

मग अडचण काय? वाढीच्या नादात पेशी अनेकदा फिनॉल बनवणंच सोडतात. फिनॉल म्हणजे चिरलेलं वांगं ज्यांच्यामुळे काळं पडतं, ती संयुगं. औषधं आणि रंगांसाठी हवी असतात तीच.

नत्राचंही तसंच. नत्र भरपूर असलं की फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल प्रथिनांत खर्च होतं. नत्र कमी, साखर जास्त असेल तर ते फिनॉलकडे वळतं. (युरिया जास्त झालेलं सोयाबीन कसं नुसतंच माजतं, आठवतंय?)

जपानच्या मित्सुई कंपनीने १९८३च्या सुमारास यावर तोडगा काढला. लिपस्टिकसाठी लागणारं लालजांभळं 'शिकोनिन' पेशींतून काढताना त्यांनी दोन टप्पे केले: आधी वाढीचं माध्यम, मग अमोनियम नसलेलं, तांबं वाढवलेलं दुसरं. तेही उजेडापासून लांब, कारण उजेडात हा रंग तयारच होत नाही.

केळीच्या रोपांत मात्र उलटी डोकेदुखी. कंदाचा कोंब कापला की फिनॉल पाझरतं, तुकडा काळा पडून मरतो. म्हणून तिथे माध्यमात व्हिटॅमिन सी किंवा कोळशाची पूड घालतात.