बर्फातली मोटार
मंडळी, घाट चढताना मोटार तापली की आपला ड्रायव्हर ओढ्याचे पाणी आणून रेडिएटरमध्ये ओततो. लडाखच्या हिवाळ्यात हेच पाणी घात करते! द्रासला पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली उतरतो. पाणी गोठले की सुमारे ९ टक्के फुगते, आणि मग ओतीव लोखंडाचे इंजिनसुद्धा तडकते. गुरुजींनी प्लॅस्टिकची बाटली काठोकाठ भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

तेव्हा गावातले कुणी गाडी घेऊन तिकडे निघालेच, तर आधी ते पाणी काढायला सांगा. निम्मे पाणी, निम्मे इथिलिन ग्लायकॉल असे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत तग धरते. चवीला गोड, पण विषारी आहे हं! मुलेबाळे, गुरेढोरे यांपासून दूर ठेवा.

डिझेलही तुपासारखे थिजते. म्हणून २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारे डिझेल आले. खालचे डिझेल टाकीभर घेऊन वर चढू नये.

साखळ्या बांधायच्या त्या इंजिनचा जोर ज्या चाकांवर येतो त्यांनाच. आणि रात्री हँडब्रेक ओढू नका, ओलाव्याने तो गोठून चाके जखडतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा.