उभा ऊस गहाण टाकणारा संघ

हॉकी म्हटले की आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान, वाकडी काठी आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरचा खेळ. पायांत पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती. आपल्या बेटावर बर्फ पाहायचा तो सरबताच्या पेल्यात. तरीही हा खेळ आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. आपल्यापैकी कित्येक घरांतील मुलेबाळे माँट्रियल आणि टोरोंटो येथे स्थायिक झाली आहेत. ती सुटीत घरी येतात तेव्हा एखाद्याच्या अंगावर निळ्या पानाची जर्सी दिसते. ते पान टोरोंटो मेपल लीफ्स या संघाचे. या संघाने स्टॅनली चषक शेवटचा जिंकला १९६७ साली, म्हणजे आपले बेट स्वतंत्र होण्याच्या आदल्या वर्षी!

इतका जुना, इतका श्रीमंत संघ असा का रखडला, याची कारणे पुष्कळ सांगतात. आम्हांला त्यांतील एक विशेष वाटते, कारण ते आपल्या शेतकरी घरांना चटकन समजेल असे आहे.

उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये नवी मुले संघात घेण्याची रीत आपल्या फुटबॉलसारखी नाही. फुटबॉलमध्ये ज्याची थैली मोठी त्याचा खेळाडू. तेथे मात्र साधारणतः दर जून महिन्यात ‘ड्राफ्ट’ भरतो. अठरा वर्षांच्या आसपासची होतकरू मुले एका यादीत असतात आणि सर्व संघ पाळीपाळीने एकेकाला निवडतात. गंमत अशी की, सरत्या हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याची पाळी सर्वांच्या आधी, आणि ज्याने चषक जिंकला त्याची पहिल्या फेरीत सर्वांत शेवटी. अगदी वरच्या जागांसाठी चिठ्ठ्यांची सोडतही असते. आम्ही पडलो शिक्षक. सी.पी.ई.च्या काळात एकेका क्रमांकासाठी मुलांना आणि त्यांच्या आईबापांना झुरताना आम्ही पाहिलेले. शेवटच्या नंबराला पहिला मान, हा न्याय आमच्या गळी उतरायला वेळ लागला. पण दुबळ्याने कायम दुबळेच राहू नये एवढाच त्यातला हेतू आहे, आणि तो काही वाईट नव्हे.

खरी मेख पुढे आहे. हा निवडीचा हक्क संघाला आधीच देऊन टाकता येतो. पुढच्या वर्षीचा, त्याच्याही पुढच्या वर्षीचा. आपण कितवे येणार हे कुणालाच ठाऊक नसताना! लाकूपला अजून अवकाश असताना उभ्या उसावर उचल घ्यावी, तसाच हा प्रकार. ऊस साधारण निघाला तर व्यवहार बरोबरीत सुटला म्हणायचे. पण ज्या वर्षी तो हक्क सोन्याच्या मोलाचा ठरतो, त्या वर्षी तो नेमका दुसऱ्याच्या अंगणात असतो. आणि तो सोन्याचा केव्हा ठरतो? आपला संघ पार रसातळाला जातो तेव्हाच. म्हणजे दुखणेही आपले आणि औषध शेजाऱ्याचे.

ब्रायन बर्क नावाचे गृहस्थ नोव्हेंबर २००८ मध्ये टोरोंटोचे मुख्य कारभारी झाले. त्यांच्या आधीच्या संघाने, अ‍ॅनाहाइमने, २००७ साली चषक जिंकला होता. हळूहळू मुले वाढवीत बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. बॉस्टन ब्रुइन्सचा फिल केसेल या तरुणाने नुकतेच एका हंगामात ३६ गोल केले होते आणि त्याचा करार संपला होता. अशा खेळाडूला दुसऱ्या संघाने थेट बोलावणे धाडले आणि जुन्या संघाने तेवढाच करार देऊन त्याला राखले नाही, तर भरपाई निवडीच्या हक्कांनी द्यावी लागते. आणि ते हक्क स्वतःचेच लागतात, दुसऱ्याकडून मिळवलेले चालत नाहीत. टोरोंटोचा २०१० चा दुसऱ्या फेरीचा हक्क तर शिकागोकडे गेलेला! तेव्हा इतर हक्क मोजून तो आधी परत आणला. अखेर बोलावणे न धाडता सरळ सौदाच झाला. १८ सप्टेंबर २००९ रोजी केसेल टोरोंटोचा झाला, आणि बॉस्टनला मिळाले २०१० व २०११ चे पहिल्या फेरीचे हक्क, शिवाय तो नुकताच सोडवून आणलेला दुसऱ्या फेरीचाही. सोडवलेला दागिना घरी न आणता वाटेतच पुन्हा गहाण ठेवल्यासारखे झाले.

मग हंगाम सुरू झाला. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे केसेल पहिला महिना खेळू शकला नाही. पहिल्या आठ सामन्यांत संघाला एकही विजय नाही. केसेलने पुढे ३० गोल केले खरे, पण संघ तीस संघांत एकोणतिसावा आला. जून २०१० च्या ड्राफ्टमध्ये एडमंटनने टेलर हॉल घेतला आणि दुसऱ्या क्रमांकावर, टोरोंटोच्या हक्कावर, बॉस्टनने टायलर सेगिन उचलला. हा मुलगा टोरोंटोला लागून असलेल्या ब्रॅम्प्टनमध्ये जन्मलेला. दुसऱ्या वर्षी टोरोंटो थोडा सावरून बाविसावा आला, तेव्हा नवव्या क्रमांकावर बॉस्टनने डगी हॅमिल्टन घेतला. तो तर टोरोंटोतच जन्मलेला! बॉस्टनचे प्रेक्षक केसेलला पाहून ‘थँक यू, केसेल’ असा घोष करू लागले. त्या खेळाडूचा यात काय दोष? आमच्या मते काहीच नाही. तो आपले काम चोख करीत होता. चूक होती ती आपला संघ आहे त्याहून चांगला आहे असे मानून दर ठरविणाऱ्यांची.

आता हक्क परत मिळविण्याची धडपड. फेब्रुवारी २०११ मध्ये टोरोंटोने क्रिस व्हर्स्टीग फिलाडेल्फियाला देऊन पहिल्या फेरीचा एक हक्क मिळविला. चार दिवसांनी टोमाश काबर्ले हा जुना, विश्वासू बचावपटू बॉस्टनला दिला आणि बॉस्टनचा स्वतःचा पहिल्या फेरीचा हक्क घेतला. कागदावर हिशेब जुळला. गेला एक, आले दोन. पण बॉस्टनने त्याच जूनमध्ये चषक जिंकला, आणि त्या संघात सेगिनही होता व काबर्लेही. त्यामुळे बॉस्टनकडून आलेला हक्क पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा, तिसाव्या क्रमांकाचा ठरला. नववा देऊन तिसावा!

वर आणखी एक गोष्ट झाली. टोरोंटोने हा तिसावा आणि आपला एकोणचाळिसावा असे दोन क्रमांक अ‍ॅनाहाइमला देऊन बाविसावा घेतला व टायलर बिग्ज या धिप्पाड मुलाला निवडले. बिग्ज या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. अ‍ॅनाहाइमने तिसाव्या क्रमांकावर रिकार्ड राकेल घेतला, जो पुढे हंगामाला तीस-तीस गोल करणारा खेळाडू झाला, आणि एकोणचाळिसाव्यावर जॉन गिब्सन, जो अनेक वर्षे त्यांचा पहिला गोलरक्षक राहिला. फिलाडेल्फियाकडून आलेल्या हक्कावर टोरोंटोने स्टुअर्ट पर्सी घेतला. तो अवघे बारा सामने खेळला. अर्थात बॉस्टनचे सारेच पिकले असे नव्हे. दुसऱ्या फेरीच्या हक्कावर त्यांनी घेतलेला जॅरेड नाइट कधी या लीगपर्यंत पोहोचलाच नाही. सेगिनला २०१३ साली आणि हॅमिल्टनला २०१५ साली त्यांनीच दुसरीकडे देऊन टाकले. अठरा वर्षांच्या पोराचे पुढे काय होईल हे सांगणे किती अवघड असते, ते वर्गात उभे राहणाऱ्याला विचारा.

हे सारे टोरोंटोत पहिल्यांदा घडले असते तर एक वेळ समजले असते. पण १९८९ च्या ऑक्टोबरमध्येच या संघाने टॉम कर्व्हर्स या बचावपटूसाठी न्यू जर्सीला १९९१ चा पहिला हक्क दिला होता. १९९०-९१ च्या हंगामात टोरोंटो तळाला जाऊ लागला, आणि त्या वर्षीचे सर्वांत मोठे बक्षीस होते एरिक लिंड्रोस. तो फुकटात न्यू जर्सीला जाणार या धास्तीने टोरोंटोने क्वेबेककडून तीन अनुभवी खेळाडू आणले. कशाच्या बदल्यात? एक तरुण खेळाडू आणि दुसऱ्या फेरीचे दोन हक्क! जुने कर्ज बुडू नये म्हणून नवे कर्ज. इतके करून टोरोंटो शेवटून दुसरा आला, शेवटचा क्वेबेक. लिंड्रोसला क्वेबेकने निवडले. न्यू जर्सीला मिळाला स्कॉट नीडरमायर, ज्याने त्यांच्याबरोबर तीन चषक जिंकले. चौथा त्याने कर्णधार म्हणून जिंकला, तो २००७ साली अ‍ॅनाहाइममध्ये, म्हणजे बर्कसाहेबांच्याच हाताखाली.

ओटावा संघाची गत २०१९ साली अशीच झाली. मॅट डुशेनसाठी कोलोरॅडोला हक्क दिलेला आणि संघ ३१ संघांत शेवटचा. सोडतीत तो हक्क चौथा निघाला, पण गेला तो गेलाच.

बर्क यांना जानेवारी २०१३ मध्ये दूर करण्यात आले. केसेल २०१५ च्या जुलैत पिट्सबर्गला गेला व तेथे लागोपाठ दोन चषकांचा धनी झाला. त्यानंतरच्या हंगामात टोरोंटो पुन्हा अगदी शेवटचा आला. परंतु या खेपेस स्वतःचा हक्क स्वतःजवळच होता. सोडतीतही नशीब उघडले आणि जून २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर ऑस्टन मॅथ्यूज घरी आला.

असो. मार्च २०२५ मध्ये टोरोंटोने ब्रँडन कार्लो या बचावपटूसाठी २०२६ चा पहिल्या फेरीचा हक्क दिला, आणि तोही पुन्हा बॉस्टनलाच! मात्र या वेळी करारात एक अट घालून घेतली: तो क्रमांक पहिल्या पाचांत आला, तर त्या वर्षी तो टोरोंटोकडेच राहील.